कडूनं लपवलेला डबा

आमच्या दातांच्या दवाखान्यात शिरलं की डाव्या हाताला काचेचं कपाट आहे. ब्रश कसा फिरवावा ते दाखवायचा एक मोठा प्लास्टिकचा जबडा, दोन जुन्या कवळ्या आणि पिवळट पडलेला प्लास्टरचा एक साचा त्यात ठेवलाय. साच्यात बत्तीसच्या बत्तीस दात आहेत. एकही किडलेला नाही, एकही भरलेला नाही. आईचा हात धरून आलेल्या मुलांना डॉक्टर तो दाखवतात आणि म्हणतात, ह्या माणसानं जन्मात गोड खाल्लं नाही, बघ. साचा कोणाचा ते सांगत नाहीत. तो आमच्या कडूचा आहे. त्याचं प्लास्टर मीच ओतलं होतं.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत एका लांब टेबलाशी आम्ही दोघं एकतीस वर्षं बसलो. तो कवळ्या करायचा. मेणाची हिरडी उभी करायची, तिच्यात दात एकेक करून लावायचे, माणसाचं वय बघून एखादा दात किंचित तिरका बसवायचा, हे सगळं त्याचं काम. साचे ओतणं आणि शेवटी कवळी घासून चकचकीत करणं माझ्याकडे. माझे हात कायम पांढरे असायचे, म्हणून मी पांढऱ्या. तो कडू, कारण त्याचा चहा बिनसाखरेचा. कुणाला मूल झालं, कुणाला नोकरी लागली, मिठाईचा खोका टेबलावर आला की तो एका बोटानं पुढे सरकवायचा.

लोकांना हे सहन होत नाही. डायबिटीस आहे म्हणाला असता तर सगळे गप्प बसले असते. पण तो नुसतं "चालत नाही" म्हणायचा. चालत नाही म्हणजे काय? शपथ घातलीय का कोणी? ह्यावर तो परत दात लावायला लागायचा. मग लोक स्वतःच ठरवायचे की ह्याला दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नाही. डॉक्टरांना मुलगा झाला तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातानं तुकडा त्याच्या तोंडासमोर धरला. कडूनं तोंड फिरवलं. डॉक्टर पुढे महिनाभर त्याच्याशी फक्त कामापुरतं बोलले.

चौथ्या-पाचव्या वर्षी आम्ही त्याची गंमत करायची ठरवली. आम्ही म्हणजे दातांचे खोके घेऊन येणारा माणूस आणि मी. कडूला चहा कोमट लागायचा. कपाला हात लावून बघायचा आणि दोन घोटांत संपवायचा, म्हणजे मेण थंड व्हायच्या आत परत कामाला. त्या दिवशी मी कपात चार चमचे साखर घालून ढवळली. पहिला घोट त्याच्या पोटात गेला, दुसरा त्यानं बेसिनमध्ये थुंकला. आम्ही हसत होतो. पाचदहा मिनिटांनी त्याच्या कपाळावर घाम आला, मग मान भिजली. हातातली मेणाची सुरी थरथरायला लागली. मी प्लास्टरची भांडी धुतो त्या बेसिनमध्ये त्याला उलटी झाली आणि तो टेबलाखाली फरशीवरच आडवा झाला. खोकेवाला म्हणाला, नटाला लाजवेल असं काम करतो हा. दुसऱ्या दिवशी कडू आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, गाल बसलेले. साखर कोणी घातली, हे त्यानं कधीही विचारलं नाही.

त्याची आई आम्हाला माहीत होती. तिच्या कवळ्या तोच करायचा. पाच केल्या असतील. प्रत्येक वेळी ती बाहेरच्या खुर्चीवर बसून मोठ्यानं सांगायची की टोचतेय, मुद्दाम टोचणारी केलीय मेल्यानं. मग कवळी काढून हातात धरायची आणि शेजारी बसलेल्या पेशंटला, तो गाल धरून कण्हत असला तरी, आपली हकीगत ऐकवायची. ती हकीगत मी इतक्या वेळा ऐकली की मला पाठ आहे.

तिला तीन मुलं झाली. पहिली मुलगी, आठ महिन्यांची होऊन गेली. त्या धक्क्यानं ती अंथरुणाला खिळली आणि त्यातच हा झाला. ह्याच्याकडे बघायची तिला इच्छा होईना, म्हणून ह्याची आत्या ह्याला घेऊन गेली. आत्या घट्ट मुठीची. तिच्याकडे दूध मिळायचं, भाकरी मिळायची, पण साखरेच्या कपाटाला कुलूप. चार वर्षांचा होऊन हा घरी परत आला, तेव्हापासून गोडाचा घास तोंडाला लावला की तोंड मिटायचा. आई म्हणायची, नणंदेनं पढवून पाठवलाय. त्यावरून मारही खाल्ला त्यानं.

मग धाकटा झाला. तो आईचा जीव की प्राण. सहा महिने अंगावर पीत होता तोवर गुटगुटीत. वरचं सुरू केलं आणि बाळ ओकायला लागलं, पिवळं पडलं. तपासायला येणारी नर्सबाई म्हणाली, साखरपाणी द्या, ताकद राहायला हवी. साखर तेव्हा मोजून मिळायची, महिन्याची एका निळ्या डब्यात भरलेली असायची. आणि एके सकाळी डबा जागेवर नाही.

"ह्यानं लपवला," ती सांगायची. "सहा वर्षांचा होता, पण मत्सर बघा. तीन दिवस माझ्या बाळाच्या पोटात साखरेचा कण गेला नाही. चौथ्या दिवशी मला डबा सापडला. मी दुप्पट साखर घालून दिली, पण तोवर अंगात काही उरलं नव्हतं. चांगली दोन गेली आणि हे राहिलं."

आतल्या खोलीत कडूला हे सगळं ऐकू यायचं. मधे एक पातळ लाकडी भिंत फक्त. तो दात लावत राहायचा.

त्याच्या लग्नाची बोलणी दोनदा झाली. दोन्ही वेळा मुलीकडची माणसं चहाला बसलेली असताना आईनं हीच हकीगत सांगितली. नंतर कळण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं, असं तिचं म्हणणं. तिसऱ्यांदा कोणी आलं नाही. तिला सांभाळलं मात्र त्यानंच. सकाळी तिचं अंग पुसून, जेवण झाकून ठेवून तो कामावर यायचा.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांची भाची दवाखान्यात यायला लागली. विद्यापीठात शिकत होती. कोणाला कुठलं अन्न मानवतं, कोणाला नाही आणि त्यातलं किती आईबापांकडून आलेल्या जनुकांत लिहिलेलं असतं, हा तिचा विषय. ज्यांचे दात म्हातारपणापर्यंत किडलेले नाहीत अशी माणसं तिला हवी होती, त्यांच्या थुंकीचे नमुने घ्यायला. कपाटातला साचा तिला दिसला. कोणाचा म्हणून तिनं विचारलं तेव्हा डॉक्टरांनी अंगठ्यानं मागची खोली दाखवली.

ती येऊन आमच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसली. वही उघडली आणि म्हणाली, "काका, गोड खाल्लं की नेमकं काय होतं तुम्हाला?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न आमच्यापैकी एकानंही त्याला विचारला नव्हता. कडूनं सुरी खाली ठेवली. आधी घाम येतो म्हणाला, मग पायाखालची जमीन खचल्यासारखं होतं, डोळ्यांपुढे अंधार येतो, पोटातलं सगळं वर येतं. साखर, मध, बहुतेक फळं. दूध? दूध चालतं. भात, भाकरी चालते. खोकल्याचं औषध एकदा घेतलं होतं, तेव्हाही असंच झालं. ती भराभर लिहीत होती. मग तिनं भावंडांचं विचारलं.

"एक बहीण, एक भाऊ. दोघंही लहानपणीच गेले."

"किती महिन्यांचे होते?"

"ती आठ. तो सात."

"वरचं अन्न सुरू केल्यावर?"

कडू हो म्हणाला आणि मुलीचा चेहरा उजळला. तिनं लगेच खाली बघितलं, पण मी बघितलं होतं. वहीत तिनं बहिणीसाठी एक गोल काढला, भावासाठी चौकोन, दोन्हींवर तिरकी रेघ मारली. मधल्या चौकोनावर रेघ नव्हती. तो त्याचा.

आईचाही नमुना हवा होता. ती मुलगी त्यांच्या घरी गेली. कवळी काढून, चूळ भरून आजींनी नळीत थुंकी दिली. मग सहीचा कागद. त्यावर शेवटी दोन चौकटी होत्या : निकाल मला कळवावा, निकाल मला कळवू नये. आजींनी विचारलं, हे काय. मुलीनं समजावलं की ह्यातून जे कळेल ते कधीकधी ऐकायला अवघड असतं, म्हणून आधीच विचारतात. आजी म्हणाल्या, ह्या घरात मला कोणी काही सांगत नाही, मला सगळं सांगायचं. आणि पहिल्या चौकटीत एवढी मोठी खूण केली की ती दुसऱ्या चौकटीला जाऊन भिडली. हे मला कडूनं सांगितलं, जरा हसतच.

अडीच महिन्यांनी मुलगी दोन बंद पाकिटं घेऊन आली. एक तिनं आमच्या टेबलावरच उघडलं. मला बाहेर जायला कोणी सांगितलं नाही, म्हणून मी कवळी घासत बसलो.

तिनं सोपं करून सांगितलं. साखर पोटात गेली की तिचे दोन भाग होतात. एक भाग सगळं शरीर वापरतं. दुसरा यकृताला फोडावा लागतो आणि त्यासाठी एक खास द्रव्य लागतं. ते द्रव्य कसं बनवायचं ते एका जनुकात लिहिलेलं असतं. कडूच्या जनुकात एक अक्षर चुकलेलं आहे. आईकडून एक चुकलेली प्रत आली, बापाकडून एक. त्या दोघांकडे एकेक चांगली प्रत होती, म्हणून त्यांना आयुष्यभर काही झालं नाही. ह्याच्या वाट्याला दोन्ही चुकलेल्या आल्या. साखरेचा तो अर्धा भाग ह्याच्या यकृतात विषासारखा साठतो. पूर्वी हे ओळखायला यकृताचा तुकडा काढावा लागायचा, नाहीतर माणसाला तीच साखर देऊन तो मरायला टेकतो का ते बघत बसायचं. आता थुंकीवर भागतं. तिचे सर फार खूश होते. आहाराच्या पुस्तकात सगळ्यांसाठी एकच ताट लिहायचे दिवस गेले, असं ते म्हणत होते म्हणे.

कडूनं स्वतःबद्दल काहीही विचारलं नाही.

"लहान बाळाला दिली तर?" तो म्हणाला.

"बाळ ओकतं, पिवळं पडतं. देत राहिलं तर जातं."

"आणि मधे तीन दिवस बंद केली तर?"

"मग सावरायला लागतं. पुढे बंदच ठेवली तर मोठं होतं, काका. तुमच्यासारखं."

कडू उठला, बेसिनशी गेला आणि हात धुतले. हात स्वच्छच होते. परत येऊन त्यानं दुसऱ्या पाकिटाकडे बोट केलं आणि आईला नको सांगूस म्हणाला. मुलगी अवघडली. आजींनी हो लिहिलंय, त्यांच्या वतीनं दुसऱ्या कोणाला नाही म्हणता येत नाही, तसा नियम आहे. म्हणाली, मी घरी येऊन त्यांना परत एकदा विचारेन, नको म्हणाल्या तर पाकीट परत नेईन. गुरुवारी दुपारी येऊ का? कडू म्हणाला, ये.

ती गेल्यावर बराच वेळ आम्ही आपापलं काम केलं. मग त्यानंच तोंड उघडलं. "मी एकदाच नको म्हटलं, पांढऱ्या. दुसऱ्यांदा म्हटलं नाही. छप्पन्न वर्षं ऐकतोय मी. तिनं एकदा ऐकलं तर काय बिघडलं?"

मी म्हटलं, काही नाही बिघडलं. मला खरंच तसं वाटलं. म्हातारीनं ऐकावं आणि तिचं तोंड बघायला मिळावं, असंसुद्धा मला वाटलं.

"गुरुवारी तू चल," तो म्हणाला. "बाहेरच्या माणसांना किती वेळा सांगितलंय तिनं. आता ऐकतानाही बाहेरचं एक माणूस असू दे."

तेव्हा मला राहवलं नाही. इतक्या वर्षांपूर्वीचा तो चहा, ती साखर मी घातली होती, असं मी त्याला सांगून टाकलं.

"माहीत आहे," कडू म्हणाला. "चमच्यावर तुझ्या बोटांचं प्लास्टर होतं."

गुरुवारी तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला. मी त्याला इस्त्रीच्या शर्टात त्याआधी पाहिलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत आम्ही त्याच्या घरी गेलो. तिसरा मजला, दोन खोल्या. टेबलावर मेणकापड, खिडकीशी आईची खुर्ची, तिच्या हाताशी एका वाडग्यात पाण्यात ठेवलेली कवळी. भिंतीवरच्या फळीवर निळा डबा होता. झाकणाला पोचा आलेला, रंग उडालेला. हाच का तो, असं मला विचारावं लागलं नाही. आई त्यात बटणं ठेवायची. फळी अशा जागी होती की कडू जेवायला बसला की डबा बरोबर त्याच्या समोर यायचा.

मुलगी वेळेवर आली. तिनं आजींना परत विचारलं, ऐकायचंय का, नाही म्हटलंत तरी चालेल. आजी म्हणाल्या, बोल. बिनदातांच्या तोंडातून तो शब्द फुसका निघाला.

मुलगी फार सांभाळून बोलली. चुकलेलं अक्षर, दोन प्रती, सगळं. साखरपाण्याशी आली तेव्हा तिनं आजींचा हात हातात घेतला. नर्सबाईंनी सांगितलं त्यात तेव्हाच्या ज्ञानाप्रमाणे चूक नव्हती. ज्या बाळांच्या जनुकांत हे नसतं, त्यांना साखरेनं काही होत नाही. ह्या घरातली बाळं वेगळी होती आणि ते कळायची सोय तेव्हा जगात कुठेच नव्हती. तुमचा काही दोष नाही, आजी. हे ती तीनदा म्हणाली.

"साखरेनं गेला?" आजींनी विचारलं.

"हो, आजी."

"आणि माझी पहिली पोर?"

"बहुतेक तीसुद्धा."

"मी तासातासाला देत होते," आजी म्हणाल्या. "चमचा काठोकाठ भरून. तोंड उघडत नव्हता तर नाक दाबून."

 खाली रस्त्यावर कोणीतरी लोखंडी शटर ओढलं, त्याचा आवाज वर आला. मी कडूकडे बघितलं. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तो खुर्चीच्या कडेला बसला होता, पुढे वाकून, दवाखान्यात आपलं नाव पुकारायची वाट बघणाऱ्या माणसासारखा. तो रडू बघायला आला नव्हता. त्याला एखादा शब्द हवा होता. शब्दसुद्धा नको, तिनं त्याच्याकडे नुसतं वेगळ्या नजरेनं बघितलं असतं तरी तो उठून तिला पाणी द्यायला गेला असता, एवढं मला त्याच्या पाठीवरून कळत होतं.

आजींनी वाडग्यात हात घातला. कवळी काढली, झटकून पाणी उडवलं. आधी वरची बसवली, मग खालची, आणि अंगठ्यानं दाबली. एकदा चावून बघितलं. कवळी चांगली बसली होती. मग मुलाकडे वळल्या.

"तुला माहीत होतं."

"मी सहा वर्षांचा होतो, आई."

"माहीत होतं म्हणूनच लपवलास ना?"

"तो माझ्यासारखंच तोंड मिटत होता," कडू म्हणाला. "मला वाटलं, त्यालाही होत असेल माझ्यासारखं."

"मग नीट तरी लपवायचा होतास."

ते इतकं स्पष्ट आलं की ऐकण्यात चूक व्हायला जागाच नव्हती. कवळी त्यासाठीच घातली होती.

मुलगी घाईघाईनं बोलायला लागली. तिनं कडूला एक लाल कार्ड दिलं, खिशात ठेवायचं, दवाखान्यात न्यायची वेळ आली तर कुठली सलाईन आणि कुठली औषधं द्यायची नाहीत ते त्यावर छापलेलं होतं. जिन्यात तिला रडू आलं. म्हणाली, आजींना धक्का बसलाय, त्यांना तसं म्हणायचं नव्हतं. मी म्हटलं, हो, धक्काच आहे. दोघांनाही माहीत होतं की त्यांना तसंच म्हणायचं होतं.

पुढच्या आठवड्यात कवळी दाखवायला म्हणून आजी दवाखान्यात आल्या. बाहेरच्या खुर्चीवर बसल्या आणि शेजारच्या बाईंना हकीगत सांगायला लागल्या. मी लाकडी भिंतीमागून ऐकत होतो. हकीगत पार बदलली होती. ह्याला सगळं माहीत होतं. साखर बाळाला बाधते हे ह्याला पहिल्यापासून ठाऊक होतं, स्वतः कधी तोंडाला लावली नाही बघा. पण आईला सांगितलं का? नाही. डबा लपवल्यासारखा केला आणि मला सापडेल असा ठेवला. विद्यापीठातल्या बाईंनी कागदावर लिहून दिलंय, म्हणाल्या. नाक दाबल्याचं त्यांनी कोणाला सांगितलं नाही. इतकं मात्र खरं की त्या दिवसापासून त्यांनी स्वतःच्या चहात साखर घेतली नाही. कडू सांगायचा, तोंड वाकडं करते आणि पिते. घाल म्हटलं तर कप लोटून देते.

दीड वर्षानं त्या गेल्या. कडूच्या नशिबात त्या कार्डानं काही बदललं नाही. डॉक्टर आता कपाटातला साचा दाखवून दुर्मीळ आजार म्हणून पाचसहा वाक्यं जास्त सांगतात. मिठाईचा खोका आला की लोक हसून म्हणतात, ह्याला नका देऊ, मरेल. पूर्वी आग्रह करायचे, आता हे. नाव कडूच राहिलं.

आई गेल्यावर पंधरा दिवसांनी तो कामावर आला तेव्हा त्याच्या पिशवीत निळा डबा होता. बटणं काढून टाकली होती. त्यात तो मेणाचे तुकडे ठेवायला लागला.  एक दिवस वरच्या हिरडीचे पुढचे दात लावता लावता तो आपण होऊनच बोलला.

"गादीखाली ठेवला होता मी. माझ्याच गादीखाली. तिथं कोण बघणार नाही?"

मी म्हटलं, सहा वर्षांच्या पोराला आणखी काय सुचणार.

"सुचलं होतं. खाली मोठं गटार होतं, उघडं. दोन जिने उतरून गेलो असतो तर संपलं असतं. पण डबा घरचा. बाळ बरं झालं की परत जागेवर ठेवायचा होता मला." त्यानं दात काढला, मेण गरम केलं आणि परत बसवला. "दिवसभर मी अंथरुणावरच बसून असायचो. उठलो तरी घडी नीट घालायचो, उंचवटा दिसू नये म्हणून. तीन दिवस सापडला नाही तिला. आई बरोबर म्हणाली, मला नीट लपवता येत होतं."

मी घासायचं यंत्र बंद केलं.

"तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो हसला," कडू म्हणाला. "माझ्याकडे बघून. मला वाटलं, झालं आता, बरा झाला. चौथ्या दिवशी सकाळी मी अंथरूण तसंच टाकलं आणि खेळायला गेलो, पांढऱ्या. खेळायला गेलो मी."